दोन रिकामे झोके

पुरुषांनी ऊंजलची गाणी म्हणायची नसतात. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण तंजावूरच्या मराठी घरांत ते लिहून ठेवायची वेळच कधी आली नव्हती. लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवायचं, तोच आमचा ऊंजल. बायकांनी पुढे-मागे उभं राहून हलके झोके द्यायचे आणि गायचं. नवरीकडच्या बायकांनी गाण्यात जोडीची नावं गुंफायची, नवऱ्याकडच्यांनी 'ऐकली हो, ऐकली' म्हणून उलट ओळ टाकायची. पुरुषांचं काम एवढंच, की लांब उभं राहून कापी प्यायची आणि मुहूर्ताची घाई करायची.

म्हणून पंच्याण्णव सालच्या माघात, राजवाड्याजवळच्या कल्याणमंडपात जे झालं, त्यानं भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली.

गात होती शांभवी. चोवीस वर्षांची, उंच, दिवसा मेडिकल कॉलेज रोडवरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मुलांना शिकवणारी, आणि लग्न असलं की आत्याच्या मागे उभी राहून ऊंजल म्हणणारी. तिची आत्या कमलाक्षी म्हणजे तंजावूरच्या ऊंजलगाण्यांचं भांडार. पण आत्याचा घसा दोन वर्षांपासून बसला होता, आणि आता भार होता भाचीवर.

शांभवीनं नावं गुंफली, ओळ सोडली... आणि पलीकडून काहीच आलं नाही.

नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गाणी येत होती त्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या होत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "सिनेमाची कॅसेट लावा की, सुम्मा, उगीच कशाला वेळ घालवायचा?"

शांभवीच्या अंगात खोडी भारी. तिनं तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली. मग तिसऱ्यांदा. आणि म्हणाली, "काय हो, नवऱ्याकडच्यांना नावं पसंत नाहीत वाटतं? नवरीला घरी नेऊ का परत?"

हशा पिकला. आणि त्या हशातून, खांबाआडून, एक आवाज उठला.

पुरुषाचा आवाज. अगदी मोकळा, घाई नसलेला... बरोबर जागी धरलेला, बरोबर जागी सोडलेला. उलट ओळ म्हणून झाल्यावर तो थांबला नाही. पुढचं कडवं म्हणाला, जे आत्याच्याही वहीत नव्हतं. मंडपातला गलका कुणी सांगितल्याशिवाय बंद झाला. नादस्वरवाल्यानं हातातलं वाद्य मांडीवर ठेवलं. शांभवीचा झोका देणारा हात हवेतच राहिला.

खांबाआडून बाहेर आला तो माईकवाला. कानावर स्क्रू-ड्रायव्हर, खांद्यावर वायरचं वेटोळं, आणि चेहरा असा, जणू काही फोडून ठेवलंय.

जेवणाच्या पंक्तीआधी तिनं त्याला गाठलंच.

"तुम्हाला कसं येतं हे?"

"चूक झाली का?"

"झाली नाही, तेच तर विचारतेय!"

तो वायर गुंडाळत राहिला. "माझ्या आईला मुलगी नव्हती," तो म्हणाला. "सगळी गाणी तिनं मलाच शिकवली. स्वयंपाकघरात, दार लावून. बाहेर कुणाला सांगू नको म्हणाली होती."

"मग आज का सांगितलंत?"

"तुम्ही तीनदा विचारलंत." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "चौथ्यांदा विचारायला लावणं... बरं दिसलं नसतं."

शांभवीनं वायरचं दुसरं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

तेवढ्यात कमलाक्षीआत्या काठी टेकत आली. "कुणाचा रे तू?"

"पापनाशमच्या राजमचा. प्रद्युम्न."

"राजमचा!" आत्या मटकन खुर्चीवर बसली. तरुणपणी दोघी समोरासमोर उभ्या राहून गायच्या. राजम जाऊन सहा वर्षं झाली होती. आत्यानं त्याच्या गळ्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि बसक्या आवाजात म्हणाली, "इथे बसलीय होय गं तू. मी कुठे कुठे शोधत होते."

कॅसेट काढायची कल्पना आत्याचीच. ती एकदा बोलली की बोलली.

"मी आणखी किती दिवस? ही पोर एकटी किती लग्नांना पुरणार? पापनाशमचा तू, तंजावूरची ही. दोन्ही बाजू झाल्या. गा आणि डबीत भरा."

प्रद्युम्नचं पापनाशमला बसस्टँडसमोर एस.टी.डी. बूथ होतं. तिथेच तो कॅसेट भरून द्यायचा आणि लग्नाला माईक लावायचा. आत्याची वही होती तमिळ अक्षरांत. भाषा आपली, अक्षर त्यांचं, कारण आमच्यात देवनागरी वाचतो कोण? त्या वहीतली गळालेली कडवी राजमच्या मुलाला पाठ होती. दर रविवारी तो बसनं यायचा, आत्याच्या घरी बसायचा, आणि वहीतली एकेक रिकामी जागा भरत जायची. एकदा एका गाण्याची चार कडवी एकदम भरली, तेव्हा आत्यानं वही छातीशीच धरली.

आणि सोमवार ते शनिवार फोन. दुपारी ठीक दोन वाजता, कॉम्प्युटर सेंटरला.

"ते सातवं गाणं... दुसऱ्या ओळीत मोगरा की कनकांबर?"

"मोगरा. काल सांगितलं होतं की."

"काल तिसऱ्या ओळीचं विचारलं होतं."

"तुमची आठवण फारच कच्ची आहे हो."

"होय की," तो शांतपणे म्हणायचा. "पण रोज एकच ओळ विसरतो. सगळ्या एकदम विसरलो, तर एकदाच फोन करता येईल."

शांभवी फोन ठेवायची आणि पुढच्या तासाला मुलांना चुकीचीच कळ दाबायला सांगायची.

रेकॉर्डिंग ठरलं मे महिन्यात, अमरसिंहच्या स्टुडिओत. भांड्यांच्या दुकानावरची एक खोली, मध्ये काच, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. अमरसिंह देवळांची भक्तिगीतं आणि साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करायचा. माणूस हौशी, आवाज मोठा, आणि नव्या की-बोर्डाचा त्याला भारी अभिमान. त्यानं टिक-टिक असा ताल लावून दिला आणि म्हणाला, "ह्याच्यावर गा."

शांभवी आठ वेळा अडखळली. नवव्यांदा तिला रडूच आलं.

"घड्याळावर कोण ऊंजल म्हणतं?" आत्यानं काठी आपटली. "ऊंजल आणा!"

दुसऱ्या दिवशी आत्याच्या घरची सागवानी फळी आणि पितळी साखळ्या हातगाडीवरून आल्या. टांगायला छताला एकच भक्कम कडी, आणि तिला पंखा. पंखा उतरवला. आता विचार करा, मे महिना, तंजावूर, दारं-खिडक्या बंद, आणि पंखा नाही! शिवाय रिकामा ऊंजल हलवायचा नसतो. त्यावर कुणीतरी बसलेलं हवं. म्हणून प्रद्युम्ननं पापनाशमहून आणलेली भाताची दोन अर्धी पोती फळीवर शेजारी-शेजारी बसवली. आत्यानं एका पोत्याला कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा बांधला.

"ही नवरी," ती म्हणाली, "आणि तो नवरा. दिसतोही तसाच, ठोंब्या."

पहिलाच झोका दिला, तशी साखळी कुरकुरली. अमरसिंह तेलाची बाटली घेऊन धावला.

"खबरदार!" आत्या ओरडली. "साखळीला तेल घातलंस तर ताल कुठून ऐकू येईल?"

अमरसिंह हात चोळत काचेमागे गेला. तिथे त्यानं कानाला हेडफोन लावला, गाणं सुरू झालं... आणि पाचएक मिनिटांनी पाहावं तर हा धिप्पाड माणूस तोंड उघडं टाकून बसलेला. साखळीची कर्र... कर्र... आणि त्या तालावर दोन आवाज, झोक्यासारखे इकडून तिकडे जाणारे. "अय्यो," तो एवढंच म्हणाला. "मी हे सगळं टिक-टिक करून मारणार होतो."

झोक्याच्या एका बाजूला शांभवी, दुसऱ्या बाजूला प्रद्युम्न. तिनं फळी लोटायची, ती त्याच्याकडे जायची. त्यानं लोटायची, ती तिच्याकडे यायची. दोघांच्या मध्ये पोती. साखळी तिच्या तळव्यात यायची तेव्हा जिथे त्याचा हात लागला होता ती जागा ओलसर, गरम लागायची. तिनं हात थोडा बाजूला ठेवायला हवा होता. ठेवला नाही, बरं का. तीन दिवस नाही ठेवला.

तिसऱ्या दिवशी उरलं शेवटचं गाणं, नावांचं. आता नावं कुणाची घालायची? खऱ्या माणसांची घालून चालत नाही. ऊंजलवर ज्यांची नावं लागली त्यांचं लग्न ठरलं, असं आमच्यात धरतात. लागलेलं नाव कुणी कधी मागे घेतलेलं नाही. सीता-राम म्हणावं तर आत्या म्हणाली, नको, बिचारीच्या वाट्याला वनवास. शेवटी ठरलं रुक्मिणी आणि कृष्ण. आत्या निश्चिंत मनानं खाली नीरमोर, म्हणजे पातळ ताक, आणायला गेली.

शांभवीनं झोका दिला.

हळू द्या गं झोका, फळी सागवानी,
डावीकडे बसली...

आता जन्मभराची सवय बघा. ऊंजल म्हणणारी बाई कधी नावं पाठ करत नाही. ती समोर बघते, समोर जी जोडी दिसेल तिची नावं ओठांवर येतात. शांभवीनं वर पाहिलं. फळी पलीकडे गेली होती, पोती खाली झुकली होती, आणि त्यांच्यावरून दिसत होता घामानं निथळणारा, तिच्याकडेच बघणारा प्रद्युम्न.

डावीकडे बसली शांभवी राणी,
उजवीकडे बसला, मान घालून खाली,
प्रद्युम्न राजा, जोडी आता झाली.

शेवटचा शब्द सुटला आणि तिला कळलं.

उलट ओळ आता त्याची, आणि तो गप्प. फळी आली, तिनं यंत्रासारखी लोटली. कर्र... फळी गेली, परत आली. कर्र... दोन झोके. दोन पूर्ण, रिकामे झोके. त्या खोलीत इतकं शांत झालं, की घामाचा थेंब फरशीवर पडलेला ऐकू आला असता.

मग तो गायला.

नावं ऐकली आम्ही, गावानं ऐकली,
झोक्याच्या साखळीला गाठ आता बसली.

इतक्या दिवसांत तो कधी असा गायला नव्हता. शांभवीनं साखळी घट्ट धरली.

काचेमागून अमरसिंहचा आवाज आला, "अम्मा, नावं बदलली की काय?"

"प्रद्युम्न... कृष्णाचाच मुलगा ना," शांभवी कशीबशी म्हणाली. "त्याच घरातलं नाव."

"सरी, बरोबर. आणि शांभवी? ती कृष्णाची कोण लागते?"

तिनं फळी थांबवली. नंतर म्हणाली, "पुन्हा एकदा घेऊ या."

पुन्हा घेतलं. रुक्मिणी, कृष्ण, सगळं जागच्या जागी. आत्या ताक घेऊन आली तेव्हा सगळे घाम पुसत होते आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

त्या दिवसापासून दोनचा फोन बंद झाला.

एक दिवस, दोन दिवस, महिना. शांभवी दोन वाजता कारण काढून फोनजवळ उभी राहायची. ऐकलं, आणि पळाला, ती स्वतःलाच सांगायची. चांगलं झालं! आणि मग डोळ्यांत पाणी यायचं. पुढच्या लग्नात तिनं ऊंजल म्हटला, तर उलट ओळीच्या जागी तिची नजर खांबाआड माईकवाला शोधायला लागली.

आषाढ-श्रावणात अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्थळ आणलं. अप्पा, म्हणजे रघुराम, पी.डब्ल्यू.डी.तले, शब्दाला जागणारा माणूस. मुलगा शेषाद्री, मद्रासचा, आपल्यातलाच, कॉम्प्युटर इंजिनिअर, सहा महिन्यांत अमेरिकेला जाणार. सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, झाली, मुलगी पाहिली, पत्रिका जुळली. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, हीच तर अडचण! अप्पा म्हणाले, "विजयादशमीला होकार कळवतो. तुला काही सांगायचंय?"

काय सांगणार? की पापनाशमचा एक माणूस आता ओळी विसरत नाही?

भाद्रपदात एका दुपारी तो सेंटरच्या दारात उभा राहिला. मुलं टकटक करत बसली होती. त्यानं दोन टेप टेबलावर ठेवल्या. एकीवर आकडा एक, दुसरीवर दोन.

"आत्यांनी सांगितलं... अमेरिका."

"हो."

"चांगलं आहे."

"हो का?" तिचा आवाज चढला. मुलांनी माना वळवल्या. ती हळू झाली. "फोन का बंद केलात?"

"विसरायला ओळच उरली नाही." तो टेबलाच्या कडेकडे बघत बोलला. "आणि खोटं कारण काढून फोन करणं... त्या दिवसानंतर जमेना."

पंखा डोक्यावर घरघरत होता.

"उद्या सकाळी अमरसिंह तिरुचीला जाणार, कॉप्या काढायला," तो म्हणाला. "शेवटचं गाणं दोनदा घेतलंय. कुठलं जावं, ते तुम्ही ठरवायचं. एक पुसून टाका. कुठलं पुसलंत ते मला सांगू नका, मी गावाबरोबर ऐकेन."

"तुम्हाला कुठलं हवंय?"

"मी माझी ओळ गायलोय. ती मागे घेणार नाही." आता त्यानं सरळ तिच्याकडे पाहिलं. "पण नाव आधी तुम्ही लावलंत, शांभवी. म्हणून शब्द तुमचा."

आणि तो गेला. बूथवाला, माईकवाला, कानावर स्क्रू-ड्रायव्हर विसरून फिरणारा. शांभवीला वाटलं, एवढं मोठं कुणी आजवर आपल्या हातात ठेवलेलं नाही. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच एवढा आनंद होता, की तिनं दोन्ही टेप उचलून उराशी धरल्या.

सकाळी तिनं अमरसिंहच्या हातात टेप ठेवली. आकडा एक.

अमरसिंहनं आकडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "नक्की ना अम्मा? कॉपी निघाली की निघाली. मग गाव ऐकणार."

"नक्की."

दुसरी टेप तिनं त्याच्याच समोर पुसून टाकली.

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी आत्याच्या घरी कोलू मांडला होता, नऊ पायऱ्यांवर बाहुल्या. बाहेर भुरभुर पाऊस, आत पन्नास-साठ बायका, ओल्या रेशमाचा आणि हरभऱ्याच्या सुंडलचा वास. कॅसेटचं खोकं आलं होतं. कव्हरावर तमिळ अक्षरांत 'ऊंजल', आणि खाली दोघांची नावं. प्रद्युम्ननं टेपरेकॉर्डर जोडून दिला आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला, अर्धा पावसात.

शांभवीनं दुपारीच प्रयत्न केला होता. "अप्पा, त्या कॅसेटमध्ये शेवटी एक..."

"संध्याकाळी ऐकू की," अप्पा म्हणाले होते. त्यांना लेकीचा एवढा अभिमान वाटत होता, की त्यांनी ऑफिसातल्या चौघांना बोलावून ठेवलं होतं.

कॅसेट लागली. कर्र... कर्र... पहिल्या ओळीलाच बायकांची कुजबुज थांबली. दुसऱ्या गाण्याला कुंभकोणमची एक म्हातारी उठून टेपरेकॉर्डरजवळ जाऊन बसली. "राजमचं कडवं," ती म्हणाली, "हे राजमचं कडवं. मी मेल्यावरच पुन्हा ऐकेन म्हटलं होतं." लहान पोरी तोंडातलं सुंडल चावायचं विसरल्या. आपल्या स्वयंपाकघरातली गाणी अशी डबीतून, मोठ्यानं, सगळ्यांसमोर... कुणी डोळे पुसत होतं, कुणी हात जोडून बसलं होतं. कमलाक्षीआत्या ताठ बसली होती, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

आणि मग शेवटचं गाणं.

डावीकडे बसली शांभवी राणी...

एकीच्या हातातली कुंकवाची कुयरी खाली पडली.

...प्रद्युम्न राजा, जोडी आता झाली.

कर्र...

कर्र...

साठ बायकांनी श्वास धरून ठेवला. त्या दोन झोक्यांत कुणी हललं नाही. मग उलट ओळ आली, खोलीभर पसरली, आणि कॅसेट खटकन बंद पडली.

अप्पा कापीचा पेला घेऊन दारात उभे होते. "काहीतरी चूक झालीय," ते म्हणाले. "अमरसिंहनं काहीतरी घोळ घातलाय. खोडता येईल ना?"

आत्यानं भाचीकडे वळून पाहिलं. "शांभवी. जीभ घसरली होय गं?"

शांभवी उठून उभी राहिली.

"पहिल्यांदा घसरली, आत्या. मग मला दोन्ही टेप दिल्या होत्या. हीच पाठवली ती मी. शुद्धीवर राहून पाठवली." ती वडिलांकडे वळली. "अप्पा, तुम्ही विचारलं होतंत, काही सांगायचंय का. मला बोलता आलं नाही. गाता आलं, एवढंच."

अप्पांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी पेला खाली ठेवला. "मी त्यांना जवळजवळ शब्द दिलाय गं," ते हळूच म्हणाले. "आता काय सांगू?"

"सांग, मुलीचं नाव ऊंजलवर लागलंय," आत्या म्हणाली. "मद्रासला राहिले तरी आपलीच माणसं आहेत. समजतील."

अप्पांनी ओट्यावर पाहिलं. "ए, ये आत."

प्रद्युम्न आत आला. केसांतून पाणी ठिबकत होतं. पण तो अप्पांकडे बघतच नव्हता. तो शांभवीकडे बघत होता, जणू आजवर कुणाकडे बघितलंच नव्हतं.

"गाता येतं ते ऐकलं," अप्पा गुरगुरले. "आणखी काय येतं?"

"फोन जोडता येतो," प्रद्युम्न म्हणाला.

"मग जोड! शेषाद्रीच्या वडिलांना मद्रासला लाव. नंबर मी देतो, बोलतो मीच... पण लावणार तू. माझा हात नाही होणार."

प्रद्युम्ननं आत्याच्या घरच्या फोनवर नंबर फिरवला. दोनदा चुकला. पापनाशमचा एस.टी.डी. बूथवाला दोनदा नंबर चुकला, हे तंजावूरच्या बायका आजही हसून सांगतात.

अप्पा तोल सांभाळून बोलले, माफी मागितली. पलीकडचे काय म्हणाले कुणास ठाऊक; शेवटी अप्पांनी रिसीव्हरवर हात ठेवून आश्चर्यानं सांगितलं, "कॅसेटची एक कॉपी पाठवा म्हणतात!"

पौष सरला आणि तमिळांच्या तई महिन्यात लग्न झालं. त्याच कल्याणमंडपात.

तोवर कॅसेट घराघरांत गेली होती. तंजावूर, कुंभकोणम, पुदुक्कोट्टै, पार मद्रासला मुलींनी ती लावून लावून पाठ केली होती. लग्नात ऊंजलच्या पुढे-मागे पंधरा-वीस तरुण मुली उभ्या राहिल्या, वहीशिवाय, आणि गायला लागल्या. आत्याला रडू आवरेना.

जोडीनं ऊंजलवर गायचं नसतं, नुसतं बसायचं. शांभवी डावीकडे, मान खाली. प्रद्युम्न उजवीकडे. मुलींनी नावं गुंफली. प्रद्युम्न राजा, जोडी आता झाली...

आणि सगळ्या थांबल्या.

कर्र.

कर्र.

दोन झोके. मग उलट ओळ उचलली.

शांभवीनं चमकून मान वर केली. झोका देणाऱ्या मुलीला तिनं हळूच विचारलं, "ए, मध्ये का थांबलात गं?"

"थांबायचंच असतं, अक्का," कुंभकोणमची ती पोरगी म्हणाली. "नावं लागल्यावर दोन झोके रिकामे सोडायचे. आमच्यात पूर्वीपासून असंच म्हणतात."

इतक्या बायकांच्या गळ्यांतून आलेलं गाणं... आणि त्यात आता त्यांची दोघांची जागा. यापुढे जिथे जिथे ऊंजल हलेल तिथे ती खोली, तो घाम, ते गप्प बसणं पुन्हा होणार होतं, आणि कुणाला कळणारही नव्हतं की कशासाठी.

तिनं ओठ न हलवता विचारलं, "त्या दिवशी दोन झोके का थांबलास रे?" 'तुम्ही' कुठे गेलं, तिलाही कळलं नाही.

"पहिला," तो तितक्याच हळू म्हणाला, "माझं नाव ऐकलं, म्हणून. श्वासच निघाला नाही."

"आणि दुसरा?"

"तू 'चुकलं' म्हणशील, म्हणून वाट पाहिली." फळी मागे गेली, साखळी कुरकुरली. "तू म्हणाली नाहीस."